सगळेच असं करतात का?

या वेळी आलेल्या मेल आणि मेसेजमधले बरेचसे एकाच विषयावरचे आहेत. मुलं बघतात त्या सिरीयल, वेब सिरीज, कोरियन ड्रामा, आणि त्याचं मुलांवर काय होतंय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते, हा सगळा अंक याच विषयाला. नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न : ताई, आम्ही खारघरला राहतो, मुलगी नववीत आहे. गेले काही महिने ती रात्री अमेरिकन शाळेवरच्या सिरीज बघते, सीझनच्या सीझन. आता बोलणं बदललंय. बॉयफ्रेंड, ब्रेकअप, पार्टी हेच. मी काही बोलले की म्हणते, "मम्मी, तू फार जुन्या विचारांची आहेस, सगळेच असं करतात." फोन काढून घेऊ का? तिचे बाबा म्हणतात घे, मला भीती वाटते की मग ती माझ्याशी बोलायचीच बंद होईल.

तुमची भीती बरोबर आहे. फोन लगेच काढून घेऊ नका, कारण तिच्याशी आत्ता जे बोलणं चालू आहे ते सोन्यासारखं आहे, तिने "सगळेच असं करतात" हे निदान तुमच्यासमोर म्हटलं, मैत्रिणीलाच सांगून मोकळी झाली नाही.

आणि खरी गंमत त्या वाक्यातच आहे. इतकी वर्षं मुलामुलींशी बोलून माझं मत असं झालंय की सिरीज मुलांना "तू हे कर" असं क्वचितच सांगते, ती सांगते की "हे सगळेच करतात", आणि चौदा वर्षांच्या पोरीला सगळ्यांपेक्षा वेगळं पडण्याइतकी भीती दुसऱ्या कशाचीच नसते. त्यामुळे वाईट मुलगी व्हायचं म्हणून ती असं बोलत नाहीये, मागे पडू नये म्हणून बोलतेय.

हे फक्त मुलांचं आहे असं समजू नका हं. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांचा २००९ साली छापून आलेला एक अभ्यास आहे, आपल्याच देशातला. बिहार, हरयाणा, तामिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथे. गावात केबल टीव्ही आल्यानंतर बायका काय म्हणतात ते त्यांनी बघितलं, तर "नवऱ्याने मारलं तर ते योग्य आहे" असं म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच पाहिजे हा हट्ट कमी झाला. आता त्या सिरीयल काही समाजसुधारणेसाठी काढलेल्या नव्हत्या, साध्या शहरी कुटुंबांच्या गोष्टी होत्या. पण शिकलेली, नोकरी करणारी, स्वतःचं मत असलेली बाई रोज रात्री घरात दिसायला लागली की ती हळूहळू नेहमीची वाटायला लागते. म्हणजे याच रस्त्याने चांगलंही येतं, हे विसरून चालणार नाही.

तर मग करायचं काय? "सगळेच करतात" हे खरं आहे का, ते तिच्याबरोबर तपासा. रागावून नाही, खरोखर उत्सुकतेने विचारा की तुझ्या वर्गात कोणाकोणाचं असं आहे गं. बहुतेक वेळा दोन-तीन नावं येतात आणि बाकीचा वर्ग क्लास, होमवर्क आणि टिफिनमध्येच अडकलेला असतो. सिरीजमध्ये ते दिसत नाही कारण कोणी तीन तास भूमितीचे रायडर सोडवत बसलंय हे कोण बघणार! शाळेच्या सिरीजमध्ये अभ्यास नसतो, आईवडील एकतर गायब असतात नाहीतर मूर्ख असतात, आणि प्रत्येक आठवड्याला आयुष्य बदलतं. हे तिला सांगा, मुलांना अशा गोष्टी लगेच पटतात.

अजून एक गोष्ट सांगा, ही मुलींना हमखास धक्का देते. १९९० मध्ये अमेरिकेत 'बेव्हर्ली हिल्स ९०२१०' सुरू झाली, हायस्कूलवरच्या चकचकीत सिरीजची वाट तिथून रुळली म्हणायला हरकत नाही. त्यात सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीचं काम करणाऱ्या गॅब्रिएल कार्टेरिसचं वय तेव्हा २९ होतं. 'युफोरिया' २०१९ मध्ये आली, त्यात सतरा वर्षांच्या मुलीचं काम करणारी झेंडाया २२ ची होती. म्हणजे आपली नववीतली मुलगी स्वतःला सोळाच्या मुलीशी ताडून बघत नाहीये, ती चांगल्या पंचविशीच्या बाईच्या शरीराशी आणि आत्मविश्वासाशी ताडून बघतेय, आणि मग स्वतःला कमी समजतेय.

वयाचं बंधन मात्र पाळा, त्यात मी मऊ नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे ओटीटीवरच्या प्रत्येक सिरीजला यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ किंवा ए अशी पाटी असते, आणि १३+ व त्यावरच्या कंटेंटला पालकांनी लॉक लावायची सोय द्यावीच लागते. घरात अकाउंट तुमच्या नावावर असेल तर तिचं वेगळं प्रोफाइल करा, तुमच्या प्रोफाइलला पिन टाका, आणि पुढचा एपिसोड आपोआप सुरू होण्याचं सेटिंग बंद करा. हे लपूनछपून करू नका, तिला समोर बसवून करा. आणि १३+ मधली तिची आवडती सिरीज असेल तर तिचे दोन-तीन एपिसोड तिच्याबरोबर बघा, मध्ये मध्ये प्रवचन न देता. ते सगळ्यात अवघड आहे, मला माहितीये.

प्रश्न : मी १७ वर्षांचा आहे, ऐरोलीला राहतो, जेईईची तयारी करतोय. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी कोटा फॅक्टरी बघितलीय, मीपण दोनदा. बघितल्यावर दोन दिवस भारी वाटतं, मग परत तेच. मला वाटतं आपल्याला कोणी जीतू भैया भेटलाच नाही म्हणून आपलं होत नाहीये. हे चुकीचं आहे का?

चुकीचं काही नाही रे. ती सिरीज २०१९ मध्ये आली आणि तिने या मुलांच्या खोल्या, मेस, टेस्टचे रँक आणि एकटेपणा नीट दाखवला, आणि तोही काळ्यापांढऱ्यात, म्हणून ती तुमच्या पिढीला इतकी आपली वाटली. तुझ्यासारखी लाखो मुलं हेच करतायत हे कळल्यावर जो धीर येतो तो खराच असतो.

पण जीतू भैया, म्हणजे त्या सिरीजमधले मुलांना धीर देणारे सर, हा लेखकांनी लिहिलाय. त्याला कधीच दुसरं काम नसतं आणि प्रत्येक मुलाचा नेमका प्रॉब्लेम त्याला आधीच कळलेला असतो. खरे सर असे नसतात, चांगले सरसुद्धा नसतात, त्यांची बॅच मोठी असते, त्यांना तुझं नावही कदाचित पाठ नसेल. म्हणून तू वाट बघू नकोस. तुझ्या क्लासमधल्या ज्या एका सरांचं शिकवलेलं कळतं त्यांच्याकडे लेक्चर झाल्यावर जा आणि एकच नेमकी शंका विचार, "सर मला काहीच येत नाही" असं नको, "सर रोटेशनमध्ये हा टॉर्क असा का घेतला" असं. बहुतेक सर अशा मुलासाठी थांबतात.

आणि दोन दिवस भारी वाटून परत तेच होणं हे सगळ्यांचं होतं, त्यात तुझं काही बिघडलेलं नाही. उत्साह संपल्यावरही जे करता येईल इतकंच रोजचं टार्गेट ठेव. झोप येत नसेल, जेवण जात नसेल, सतत उदास वाटत असेल तर मात्र पुढचं उत्तर तुझ्यासाठीही आहे, ते वाच.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. त्याने '१३ रीझन्स व्हाय' रात्री जागून बघितल्याचं कळलं. तेव्हापासून तो गप्प गप्प असतो. बायको म्हणते गोष्टच आहे ती, विसरेल. विचारायला गेलो तर उलट त्याच्या डोक्यात नको ते भरेल का, ही भीती वाटते.

दादा, आजच विचारा. स्पष्ट शब्दांत विचारा. "तुझ्या मनात स्वतःला काही करून घ्यायचे विचार येतात का?" असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार जात नाही, हे मानसोपचारातलं आता चांगलं प्रस्थापित झालेलं म्हणणं आहे. उलट कोणीतरी विचारलं याने सुटल्यासारखं वाटतं. आणि विचारून झाल्यावर गप्प बसा, त्याला वेळ द्या, "अरे तुला काय कमी आहे" हे वाक्य कृपा करून बोलू नका.

आता सिरीजबद्दल. ती नेटफ्लिक्सवर ३१ मार्च २०१७ ला आली. एक मुलगी आत्महत्या करते आणि मागे टेप ठेवून जाते, कोणाकोणामुळे हे झालं ते सांगणाऱ्या. त्यानंतर अमेरिकेतल्या संशोधकांनी आकडे तपासले, तर त्या एप्रिलमध्ये १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्यांचं प्रमाण २८.९ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. हा अभ्यास २०१९ ला छापून आला. पुढे दुसऱ्या एका अभ्यासकाने तेच आकडे वेगळ्या पद्धतीने तपासले आणि ही वाढ सिरीजमुळेच झाली असं म्हणता येत नाही असं मांडलं. म्हणजे वाद आहे, आणि सिरीज बघितली म्हणून मूल संकटात आहे असं कोणीच म्हणत नाही. पण जुलै २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने पहिल्या सीझनमधला आत्महत्येचा प्रसंगच काढून टाकला, आणि मला ते योग्य वाटतं, उशिरा झालं एवढंच. आत्महत्या कशी केली ते तपशिलात दाखवू नये हे जागतिक आरोग्य संघटना माध्यमांना कितीतरी वर्षं सांगतेय.

मला स्वतःला त्या सिरीजमधली जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. ती मुलगी मदत मागायला शाळेच्या कौन्सेलरकडे जाते आणि तो तिला नीट ऐकूनच घेत नाही. आणि ती गेल्यावर मात्र सगळं जग तिचं ऐकायला लागतं. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनात यातून काय बसतं, तर जिवंतपणी सांगून काही उपयोग नसतो, कोणीच ऐकत नाही, हेच नॉर्मल आहे. हे साफ खोटं आहे, आणि हे खोटं आहे हे तुमच्या मुलाला फक्त तुम्ही ऐकून घेऊनच दाखवू शकता. दुसऱ्या बाजूलाही पुरावा आहे. ऑस्ट्रियातल्या अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवलं की एखाद्या माणसाला असे विचार आले पण तो त्यातून बाहेर पडला, अशा बातम्या वाचल्या तर त्याचा चांगला परिणाम होतो. म्हणून सावरलेल्या माणसांच्या गोष्टी घरात बोलल्या जाऊ द्या.

टेलिमानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मुलगा नाही बोलला तरी तुम्ही स्वतः फोन करून "मी काय करू" विचारू शकता. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था १९९० पासून आहे, तिथे जाता येईल. तो जर म्हणाला की हो येतात विचार, तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, प्रिलिम असली तरी. प्रिलिम परत देता येते.

आणि वहिनींना सांगा की त्यांचंही बरोबर असेल, गोष्टच असेल आणि तो कदाचित फक्त झोप न झाल्याने गप्प असेल. पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही ना.

प्रश्न : मी कळव्याची, ११ वी. मला के-ड्रामा खूप आवडतात. पण बघितल्यावर आरशात बघावंसं वाटत नाही. माझा रंग सावळा आहे, पिंपल्स आहेत, मी जाडपण आहे. आता मी रात्रीचं जेवण सोडलंय. आईला माहीत नाहीये.

आज रात्री जेव. हे पहिलं. बाकीचं मग वाच.

तुला एक खरी गोष्ट सांगते. फिजी नावाचा बेटांचा देश आहे पॅसिफिक समुद्रात, तिथे भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगलं समजायचे, कोणी बारीक झालं की लोक काळजी करायचे. त्यातल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अॅन बेकर नावाच्या संशोधक बाईंनी तेव्हा शाळकरी मुलींची पाहणी केली आणि परत तीन वर्षांनी, १९९८ मध्ये केली. खाण्याबद्दलचे त्रासदायक विचार असलेल्या मुली १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेल्या होत्या. वजन कमी करायला मुद्दाम उलटी करणारी एकही मुलगी पहिल्यांदा सापडली नव्हती, तीन वर्षांनी ११.३ टक्के सापडल्या. तीन वर्षांत त्या मुलींच्या शरीरात काही बिघडलं नव्हतं गं. फक्त पडद्यावर वेगळं शरीर रोज दिसायला लागलं होतं. आपल्याला सगळ्यांसारखं व्हायचंय, आणि सगळे म्हणजे कोण, तर टीव्हीतले. म्हणून म्हणते, तुझ्यात काही कमी नाहीये, तू ज्यांच्याशी तुलना करतेस ते चुकलंय.

तू 'ट्रू ब्यूटी' बघितलीच असशील. दिसण्यावरून छळ झालेली शाळकरी मुलगी मेकअप शिकते आणि सगळं बदलतं. ते काम करणारी मून गा-यंग तेव्हा २४ वर्षांची होती, तिच्या चेहऱ्यावर मेकअप आर्टिस्ट, लाइटवाले, कॅमेरावाले यांची मेहनत होती. आणि त्या सिरीजमध्ये "कुरूप" म्हणून जी दाखवलीय तीसुद्धा तीच सुंदर बाई आहे, मेकअपने तसं केलेली! हे लक्षात आलं का कधी?

ड्रामा सोड असं मी म्हणणार नाही, त्यातली मैत्री, आज्या, जेवणाचे सीन मलाही आवडतात. पण बघितल्यावर स्वतःबद्दल घाण वाटतं असे जे दोन-तीन असतील ते बंद कर. रील्समध्ये डाएटवाल्या बायका येत असतील तर नॉट इंटरेस्टेड दाब, हळूहळू फीड बदलतो. पिंपल्ससाठी आईला घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, तुझ्या वयात पिंपल्स येतातच आणि त्यावर औषध आहे, युट्यूबवरच्या क्रीम लावू नकोस. आणि जेवणाचं आईला सांग, हे मला तुझ्याकडून पाहिजेच. तोंडाने नाही जमलं तर हा अंकच तिच्यासमोर ठेव. पाळी चुकायला लागली, चक्कर येते, उलटी करावीशी वाटते असं काही असेल तर लगेच डॉक्टर, हे लपवायचं नसतं.

प्रश्न : मी नौपाड्यात राहणारा ज्येष्ठ नागरिक. आमच्या वेळी दूरदर्शन होतं, 'हम लोग' सगळं घर एकत्र बघायचं, त्यातून संस्कार व्हायचे. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा स्क्रीन आणि त्यात शिव्या. टीव्हीने पिढी बिघडवली असं मला वाटतं. आपलं मत?

काका, एकत्र बघण्याबद्दल तुमचं शंभर टक्के पटतं. आणि 'हम लोग'चं उदाहरण तुम्ही काढलंत ते फार बरं केलंत, कारण ती मालिका मुद्दाम शिकवण्यासाठीच काढलेली होती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी सत्तरच्या दशकात साक्षरता, कुटुंबनियोजन अशा विषयांवर मालिका केल्या होत्या, आपले वसंत साठे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला माहिती आणि प्रसारण मंत्री होते, ते मेक्सिकोला जाऊन हे बघून आले, मग ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली, लेखन मनोहर श्याम जोशींचं. शेवटी अशोककुमार येऊन बोलायचे, तुम्हाला आठवतच असेल. प्रेक्षकांची चार लाखांच्या आसपास पत्रं आली.

पण त्यातली भागवंती आठवतेय? सगळ्यांचं निमूट सहन करणारी आई. अशा राहू नका हे दाखवायला ती लिहिली होती. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी पुढे अभ्यास केला तेव्हा दिसलं की पुष्कळ बायकांना तीच आदर्श वाटली! कारण घराघरात बाई तशीच असायची, तेव्हाचं "सगळेच असं करतात" ते होतं. म्हणजे मालिका काय सांगते याच्याइतकंच बघणारा कुठल्या घरात बसून बघतो याला वजन असतं, त्या काळीही होतं.

आणि मधल्या काळातली चांगली उदाहरणं आपल्याकडेच आहेत. झी मराठीवर २०१५ मध्ये 'दिल दोस्ती दुनियादारी' आली, 'माजघर' नावाच्या घरातली ती सहा पोरं, मुलं-मुली एका घरात राहतात म्हणून सुरुवातीला किती जणांनी नाकं मुरडली असतील, पण घरोघरी आईवडील आणि मुलं ती एकत्रच बघत होती, आणि मुलगा-मुलगी नुसते मित्र असू शकतात हे कितीतरी आयांना त्या सिरीयलमुळे पटलं असं मी स्वतः ऐकलंय. शिव्यांचं म्हणाल तर मलाही त्रास होतो, विनाकारण असतात. नातवंडांना तसं सांगा, पण पिढी बिघडली म्हणू नका, ते ऐकलं की ती तुमच्याजवळ यायची थांबतील. त्यापेक्षा एक दिवस म्हणा, मला तुझी सिरीज लावून दाखव.

प्रश्न : कोपरखैरण्यात शाळेत शिकवते. पालकसभेत काहींनी मागणी केली की मुलांनी वेब सिरीज बघू नये अशी नोटीसच काढा. मला ते पटत नाही, पण पर्याय काय देऊ?

नोटीस काढून मुलं घरी काय बघतात ते बदलत नाही, फक्त शाळेत बोलायची बंद होतात. तुम्ही त्याच्या उलटं करा.

ब्रिटनमध्ये २०२५ ला 'अॅडोलसन्स' आली, चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग टेकमध्ये घेतलेला. वर्गमैत्रिणीच्या खुनाचा आरोप असलेला तेरा वर्षांचा मुलगा आणि त्याचं घर. तिथल्या माध्यमिक शाळांना ती फुकट दाखवायची सोय केली, पंतप्रधानांनी त्याला पाठिंबा दिला. त्यात तपास करणाऱ्या पोलिसाला इन्स्टावरच्या इमोजींचा अर्थ कळतच नाही, शेवटी त्याच शाळेत शिकणारा त्याचा मुलगा त्याला समजावून सांगतो. पालकसभेत या एका प्रसंगावर बोललात तरी पुरे, म्हणजे पालकांना कळेल की मुलांच्या जगाची माहिती मुलांकडूनच मिळणार आहे. विषय जड आहे, म्हणून लहान वर्गांना दाखवू नका, आधी पालक-शिक्षकांनीच बघा.

मुलांसाठी मात्र साधं ठेवा. आठवी-नववीच्या वर्गात एक तास घ्या, फळ्यावर मुलांकडूनच लिहून घ्या की सिरीजमधल्या शाळेत काय काय असतं आणि आपल्या शाळेत काय असतं. दोन रकाने. चर्चा त्यांचीच होऊ द्या, तुम्ही निष्कर्ष सांगू नका. नॉर्वेत 'स्काम' ही सिरीज करताना लेखिका युली आंडेम यांनी आधी देशभरच्या मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या होत्या, म्हणून ती मुलांना इतकी खरी वाटली. तुमच्या वर्गालाही सांगा, आपल्या कोपरखैरण्यावर सिरीज काढायची झाली तर पहिल्या एपिसोडमध्ये काय दाखवाल? एक-एक सीन लिहून आणायला सांगा. ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी, सेक्टरमधलं ग्राउंड, क्लास सुटल्यावरचा वडापाव, घरातली भांडणं, जे येईल ते येऊ दे, मार्क देऊ नका. काही मुलांनी त्यात फार गंभीर काही लिहिलं, घरच्या मारहाणीचं, छळाचं, तर ते वर्गात वाचू नका, त्या मुलाशी वेगळं बोला आणि लागलं तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करा.